ब्रश करूनही दात किडतात, मग संशोधनाने नेमकं सिद्ध काय केलंय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगा पाच वर्षांचा, रोज ब्रश करतो, तरी दुधाच्या तीन दाढा किडल्या. धाकटी दहा महिन्यांची, तिला चार दात आलेत. डॉक्टरांनी फ्लोराइड व्हार्निश (दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप) सुचवलं, घरच्यांनी फ्लोराइडला विरोध केला, आणि तुम्ही स्वतः वाचायला बसलात तर एक अभ्यास हो म्हणतो, दुसरा नाही. मग खरं काय मानायचं, आणि मोठ्याचं झालं ते धाकटीचं होऊ नये म्हणून काय करायचं?

कोणताही अभ्यास वाचताना निकालाच्या आधी एक गोष्ट बघा: तुलना कशाशी केली होती? लहान मुलांच्या दातांवर इतकी वर्षं काम केल्यावर माझा अनुभव असा की अर्धाअधिक गोंधळ तिथेच मिटतो. व्हार्निशचंच घ्या. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेते. तिच्या २०१३ च्या आढाव्यात व्हार्निशमुळे दुधाच्या दातांची कीड सरासरी ३७ टक्क्यांनी आणि कायमच्या दातांची ४३ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. मग २०१६ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. दोन-तीन वर्षांची, एकही दात न किडलेली १२४८ मुलं तिच्यात होती. एका गटाला दर सहा महिन्यांनी व्हार्निश, ब्रश, १४५० पीपीएम (दहा लाख भागांत १४५० भाग) फ्लोराइडची पेस्ट आणि सल्ला; दुसऱ्या गटाला फक्त सल्ला. तीन वर्षांनी पहिल्या गटातल्या ३४ टक्के मुलांना कीड लागलेली होती, दुसऱ्यातल्या ३९ टक्के मुलांना. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, असं संख्याशास्त्राने सांगितलं.

दोन्ही निकाल खरे आहेत. आढाव्यात दाताचे किडलेले पृष्ठभाग मोजले होते. आयर्लंडच्या चाचणीचा मुख्य प्रश्न वेगळा होता: मूल पूर्णपणे कीडमुक्त राहिलं का? पण त्याच चाचणीत, ज्यांना कीड लागलीच अशा मुलांपुरतं पाहिलं तर पहिल्या गटात सरासरी ७.२ पृष्ठभाग किडले होते आणि दुसऱ्यात ९.६. म्हणजे व्हार्निश आणि पेस्टच्या जोडीने कीड कमी केली, पण 'एकही दात किडणार नाही' अशी हमी दिली नाही. शिवाय जिथे फ्लोराइडची पेस्ट घरोघरी आधीपासून आहे, तिथे 'फक्त सल्ला' मिळालेली मुलंही रोज थोडं फ्लोराइड घेतच असतात. त्यामुळे वरून दिलेल्या उपायाचा वेगळा फायदा कमी दिसतो. स्कॉटलंडमध्ये बालवाडीत रोज ब्रश करून घेतात. तिथल्या मुलांना वर व्हार्निश लावून पाहिलं, तेव्हाही ठाम फरक सापडला नाही. त्यामुळे मुलगा दिवसातून दोनदा चांगल्या पेस्टने नीट ब्रश करत असता आणि एकही दात किडलेला नसता, तर व्हार्निश नसतं केलं तरी चाललं असतं, असं मी म्हटलं असतं. तीन दाढा किडलेल्या आहेत, म्हणजे तो जास्त जोखमीचा आहे. त्याला दर तीन ते सहा महिन्यांनी व्हार्निश लावून घ्या. डॉक्टरांचा सल्ला बरोबर आहे.

आता 'ब्रश करूनही का' याकडे येते. तोंडातले जंतू साखर पचवतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते दाताचं खनिज विरघळवतं, हे मिलर नावाच्या संशोधकाने १८९० मध्येच मांडलं होतं. १९४० च्या दशकात स्टीफन या संशोधकाने दातावरच्या जंतूंच्या थराचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) प्रत्यक्ष मोजला. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांत तो घसरतो, आणि लाळेला तो मूळ पातळीवर आणायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. पीएच ५.५ च्या आसपास किंवा खाली असेपर्यंत इनॅमलमधून, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरातून, खनिज बाहेर पडत राहतं. वर गेला की लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट परत बसायला लागतं. ही ये-जा दिवसभर चालू असते. खनिज जाण्याची बाजू महिनोन् महिने जड राहिली की आधी खडूसारखा पांढरा डाग दिसतो आणि मग खड्डा पडतो. डाग असेपर्यंत कीड मागे फिरवता येते. खड्डा पडला की ब्रश त्याच्या तळापर्यंत पोचत नाही.

यावरून ब्रशची मर्यादाही कळते. दोनदा ब्रश करणारं मूल दिवसातून आठ वेळा काही गोड चघळत असेल, तर हिशोब जुळत नाही. साखरेबद्दलचा सर्वांत गाजलेला अभ्यास स्वीडनमधल्या लुंड इथल्या व्हिपेहोल्म संस्थेतला. १९४५ नंतरच्या काही वर्षांत तिथल्या मतिमंद रहिवाशांना त्यांच्या संमतीविना वेगवेगळ्या प्रकारे साखर खाऊ घातली गेली, दातांना चिकटणारी टॉफीसुद्धा. आज असा अभ्यास कोणतीही समिती मंजूर करणार नाही, आणि त्याचा उल्लेख करताना हे सांगायलाच हवं. निकाल मात्र स्पष्ट होता. जेवणाबरोबर साखर वाढवली तेव्हा कीड फारशी वाढली नाही. तीच साखर चिकट रूपात, दोन जेवणांच्या मध्ये, वारंवार दिली तेव्हा दात भराभर किडले. टॉफी बंद केल्यावर नव्या किडीचा वेग उतरला.

उलट दिशेचा पुरावा ऑस्ट्रेलियातला आहे. न्यू साउथ वेल्समधल्या बाउरल गावी होपवुड हाउस नावाचं बालगृह होतं. तिथली मुलं जवळजवळ साखर आणि मैदा नसलेल्या शाकाहारी आहारावर वाढली. ब्रश करण्याची शिस्त यथातथाच, पाण्यात फ्लोराइडही नगण्य. तरी तेरा वर्षांच्या ५३ टक्के मुलांच्या तोंडात एकही किडलेला दात नव्हता; त्या काळी राज्यातल्या सरकारी शाळांत हे प्रमाण ०.४ टक्के होतं. पुढे ही मुलं बालगृहाबाहेर पडली, इतरांसारखं खाऊ लागली आणि त्यांचे दातही किडू लागले. लहानपणी दात जपले म्हणून ते पुढे आपोआप मजबूत राहिले, असं झालं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, जमल्यास ५ टक्क्यांच्या. घरी टक्के मोजत बसण्यात अर्थ नाही. तीन दिवस मुलाच्या तोंडात पाण्याशिवाय जे जे जातं ते वेळेसकट लिहून काढा, बिस्किटाचा तुकडा, रसाचा घोट आणि औषधाचं गोड सिरपसुद्धा. बहुतेक पालक स्वतःच्याच यादीने चकित होतात. यादी हातात आली की मी दोनच गोष्टी सांगते: गोड द्यायचंच तर जेवणाला जोडून द्या, आणि रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नको. झोपेत लाळ अगदी कमी होते, त्यामुळे रात्रीच्या घोटभर दुधाचं किंवा रसाचं नुकसान दिवसापेक्षा जास्त.

ब्रशबद्दलचं पुढचं अनेकांना पटत नाही. फ्लोराइडशिवाय नुसत्या ब्रशने कीड कमी होते, याचा चांगला पुरावा नाही. २०१८ मध्ये या विषयावरच्या यादृच्छिक चाचण्यांचा (ज्यांत कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं) आढावा निघाला. तशा चाचण्या मुळात तीनच सापडल्या, आणि त्यांत घरच्या स्वच्छतेने कीड लक्षणीय कमी झालेली दिसली नाही. फ्लोराइडच्या पेस्टचं मात्र उलट आहे. कॉक्रेनच्या २००३ च्या आढाव्यात शालेय वयाच्या मुलांच्या कायमच्या दातांत सरासरी २४ टक्के घट दिसली, आणि मोठ्यांच्या देखरेखीत ब्रश केला तर फायदा वाढला. दातांपर्यंत औषध पोचवणं हे ब्रशचं मोठं काम आहे. 'नैसर्गिक' म्हणून फ्लोराइड नसलेली पेस्ट आणली असेल, तर 'रोज ब्रश करतो तरी' या कोड्याचं बरंचसं उत्तर तिथेच सापडेल. ट्यूब उलटी करून बघा. फ्लोराइड किमान १००० पीपीएम हवं. मुलांसाठीच्या काही पेस्टमध्ये ५०० च्या आसपास असतं. तेवढ्याने कीड थांबते याचा पुरावा कमकुवत आहे.

दुसरं म्हणजे ब्रश कोण करतं? पाच वर्षांच्या मुलाला दाढेच्या मागच्या कडेला ब्रश फिरवता येत नाही, त्याने कितीही उत्साहाने फेस केला तरी. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत रात्रीचा ब्रश तुम्हीच करा, त्याच्या मागे उभं राहून आणि डोकं आपल्या अंगाला टेकवून. नंतर फेस थुंकू द्या, पण चूळ भरायला लावू नका. चुळीबरोबर फ्लोराइडही निघून जातं.

दोन दाढांच्या मधल्या फटीत मात्र ब्रशचे केस शिरतच नाहीत, आणि या वयात बरीच कीड तिथूनच सुरू होते. फ्लॉसवरचा पुरावा मजेशीर आहे. शाळेच्या दिवसांत प्रशिक्षित माणसाने रोज मुलांचे दात फ्लॉस करून दिले तेव्हा कीड ४० टक्क्यांनी कमी झाली. किशोरवयीन मुलांनी स्वतः फ्लॉस केला तेव्हा काहीच फरक पडला नाही. दाढा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतील तर झोपण्यापूर्वी तुम्ही फ्लॉस करा. रोज जमलं नाही तर त्याच्यावर सोपवू नका, त्याऐवजी रात्रीचा ब्रश चुकू देऊ नका.

आता घरच्यांची भीती. ती उगाच नाही, पण फ्लोराइडची चर्चा मात्रेवर आणूनच करावी लागते. १९०१ मध्ये मॅके नावाचा दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला आला. तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग होते, आणि हे डागाळलेले दात फारसे किडत नव्हते. कारण पाण्यातलं जास्त फ्लोराइड आहे हे १९३१ मध्ये उघड झालं. पुढे डीन नावाच्या संशोधकाने गावोगावचं पाणी आणि दात यांचा मेळ घालून दाखवलं की लिटरमागे साधारण एक मिलिग्रॅमला किडीपासून संरक्षण बरंच मिळतं आणि डाग नगण्य राहतात. १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराने सर्वांत आधी नळाच्या पाण्यात मोजून फ्लोराइड घातलं.

तुलनेचा मुद्दा इथेही येतो. कॉक्रेनच्या २०२४ च्या आढाव्यानुसार १९७५ पूर्वीच्या अभ्यासांत पाण्यातल्या फ्लोराइडचा फायदा मोठा होता; त्यानंतरच्या अभ्यासांत तो दुधाच्या दातांपुरता मुलामागे सरासरी पाव दातावर आला. मधल्या काळात पेस्ट घरोघरी पोचली होती. तरी पाण्यातलं फ्लोराइड निरुपयोगी झालं, असा याचा अर्थ काढू नका. कॅनडातल्या कॅल्गरीने २०११ मध्ये ते बंद केलं, शेजारच्या एडमंटनने चालू ठेवलं, आणि पुढच्या वर्षांत कॅल्गरीतल्या मुलांची कीड जास्त वाढली. फिनलंडमधल्या कुओपिओने ते बंद केल्यावर अशी वाढ दिसली नाही. तिथे मुलांना दवाखान्यात नियमित प्रतिबंधक उपचार आधीपासूनच मिळत होते.

बुद्ध्यांकाचा प्रश्न अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालातून चर्चेत आला. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेलं पाणी आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांचा संबंध मध्यम खात्रीने दिसतो, असं तो म्हणतो. १.५ ही जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी दिलेली मर्यादाच आहे. तुमचं पाणी विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर एकदा तपासून घ्या, कारण पाणी मूल दिवसभर पितं. पेस्टचा हिशोब वेगळा. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट म्हणजे साधारण ०.१ ग्रॅम. १००० पीपीएमच्या पेस्टमध्ये त्यात ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं, सगळं गिळलं तरी तेवढंच. तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, म्हणजे ०.२५ मिलिग्रॅम. ट्यूब मात्र मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. चव आवडली म्हणून पेस्ट खाणारी मुलं मी बघितली आहेत.

किडलेल्या तीन दाढांचं काय? त्या भरून घेतल्या की प्रश्न सुटला, असं पालकांना वाटतं, आणि आम्ही डॉक्टरही पूर्वी तसंच वागायचो. ब्रिटनमध्ये तीन ते सात वर्षांच्या, किडलेल्या दाढा असलेल्या ११४४ मुलांवर चाचणी झाली. निकाल २०२० मध्ये आले. एका गटात नेहमीसारखं कोरून भरणं, दुसऱ्यात न कोरता कीड आत बंद करणं, तिसऱ्यात फक्त प्रतिबंधक उपाय. पहिल्या दोन गटांनाही प्रतिबंधक उपाय होतेच. सुमारे तीन वर्षांत वेदना किंवा पू झालेल्या मुलांचं प्रमाण अनुक्रमे ४२, ४० आणि ४५ टक्के. म्हणजे तिन्ही पद्धतींत ठाम फरक दिसला नाही. खड्डे पडल्यावर काहीही केलं तरी उशीरच झालेला असतो, हा त्याचा कडू अर्थ. न कोरण्याच्या पद्धतींत माझा भरवसा हॉल तंत्रावर आहे: इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, दाढेवर तयार स्टीलची कॅप बसवून कीड आत कोंडायची. स्कॉटलंडमधल्या चाचणीत ते साध्या फिलिंगपेक्षा सरस ठरलं. ३८ टक्क्यांचं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे चांदी आणि फ्लोराइड असलेलं द्रव औषध नुसतं लावलं तरी दुधाच्या दातांतल्या सुमारे ८० टक्के किडी थांबतात, पण किडलेला भाग कायमचा काळा होतो. मागच्या दाढांत हे चालून जातं. पुढच्या दातांत लावायचं असेल तर काळा पडलेला दात आधी फोटोत बघून मगच हो म्हणा. नेमकं काय करायचं ते क्ष-किरण बघून ठरेल, कारण वेदना किंवा गळू असेल तर यातलं काहीच लागू नाही.

मोठ्याच्या बाबतीत मला या दाढांपेक्षा जास्त काळजी पुढच्या वर्षाची आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे कायमची पहिली दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही, दुखत नाही, त्यामुळे ती आलेली घरात कुणाला कळतही नाही. पूर्ण वर यायला तिला वर्षभर किंवा अधिक लागतं. तोवर ती शेजारच्या दातांपेक्षा खाली असते, ब्रश तिच्या वरून निघून जातो आणि खाचांत थर साचत राहतो. डेन्मार्कमधल्या नेक्सो नगरपालिकेने १९८७ पासून सगळा भर याच काळावर दिला: पालकांना उगवत्या दाढेवर ब्रश आडवा, गालाच्या बाजूने आत घालायला शिकवायचं, आणि पुढची तपासणी त्या मुलाच्या जोखमीनुसार ठरवायची. सरसकट सगळ्यांना सगळे उपचार दिले नाहीत, तरी तिथल्या मुलांच्या किडीचं प्रमाण देशातल्या सर्वांत कमी प्रमाणांत गेलं. मला हा कार्यक्रम फार आवडतो, कारण त्यात यंत्र नाही, नवं रसायन नाही.

दाढेच्या खाचा सीलंटने बुजवायच्या की व्हार्निश लावायचं, यावर वेल्समधल्या चाचणीत सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना झाली. तीन वर्षांनी सीलंटच्या गटात १९.६ टक्के आणि व्हार्निशच्या गटात १७.५ टक्के मुलांच्या त्या दाढा किडल्या. फरक नाही म्हटलं तरी चालेल. सीलंट सुटलाय का ते बघत राहावं लागतं, व्हार्निश परत परत लावावं लागतं. जे तुमच्याकडून नियमित होईल ते निवडा. खाचा फार खोल असतील तर मी सीलंटकडे झुकते.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. किडीची लस १९६९ मध्ये माकडांत आशादायक ठरली होती. ती अजून बाजारात नाही. झायलिटॉल या साखरेऐवजी वापरायच्या गोड पदार्थावर फिनलंडच्या तुर्कूमध्ये १९७० च्या दशकात गाजलेलं काम झालं, पण नंतरचे आढावे पुरावा अपुरा म्हणतात. दुधातल्या प्रथिनापासून केलेल्या क्रीमचा फ्लोराइड पेस्टच्या वर ठोस फायदा दिसत नाही. हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट (दाताचं मूळ खनिज) असलेल्या पेस्टबद्दल सुरुवातीचे निकाल बरे आहेत, पण त्यातलं बरंच संशोधन उत्पादकांच्या पैशावर झालंय. प्रोबायोटिक गोळ्या घेऊ नका, एवढंच म्हणेन.

धाकटीचं काम सोपं आहे, कारण तिचे दात अजून कोरे आहेत. पहिल्या वर्षातलं स्तनपान कीड वाढवत नाही. ब्राझीलच्या पेलोटासमधल्या मुलांना जन्मापासून पाहिलं तेव्हा दोन वर्षं किंवा त्याहून जास्त स्तनपान झालेल्यांत तीव्र किडीचा धोका २.४ पट दिसला, आहारातली साखर हिशोबात धरल्यावरही. तरीही पाजणं बंद करा असं मी सांगणार नाही. पण वर्षानंतर रात्रभर अधूनमधून पाजणं कमी करत आणा आणि रात्रीचा ब्रश झाल्याशिवाय झोपवू नका. बाटलीत दूध आणि पाणी सोडून काही घालू नका. बाळाचा चमचा मोठ्यांनी तोंडात घातला की त्यांचे जंतू बाळाकडे जातात हे खरं, पण ते आज ना उद्या जाणारच. त्यावर घरात भांडण नको. आजपासून त्या चार दातांवर दिवसातून दोनदा दाण्याएवढी पेस्ट लावा, आणि आठवड्यातून एकदा उजेडात वरचा ओठ उचलून बघा. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर पहिल्या वाढदिवसाची तपासणी येईपर्यंत थांबू नका. त्याच आठवड्यात दाखवा, कारण ती रेघ अजून मागे फिरवता येते.